'अलग झाला' : वाटणी की कोरोना?

वेटाळकर :
गावच्या वाचनालयाने एक काम गळ्यात घातलं आहे. कोरोनाच्या काळात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक जे बोलले, त्यातलं निवडक छापून ठेवायचं. रेशनचा तांदूळ कधी येणार, दवाखान्यात कोण भरती आहे, पेरणीला बियाणं मिळेल की नाही, बावीस मार्चला थाळी वाजवायची ती पितळेची की स्टीलची, सगळं. नावं काढून टाकली आहेत. बोलणं वऱ्हाडीत, म्हणून समितीचं म्हणणं असं की प्रत्येक ओळीखाली प्रमाण मराठीत अर्थ द्या. शहरात वाढलेल्या नातवंडांना कळलं पाहिजे.

मे २०२० मधल्या एका ओळीवर गाडी अडली आहे :

"वरच्या वेटाळातला मोठा अलग झाला. बुढी लय रडून राह्यली."

मी अर्थ दिला, 'थोरल्या मुलाला विलगीकरणात ठेवले. आई फार रडते आहे.' समितीतले एक गुरुजी म्हणतात, साफ चूक. त्यांच्या मते त्या उन्हाळ्यात त्या घरी वाटण्या झाल्या आणि मोठा वेगळा निघाला. ज्याने लिहिलं तो आता गावात नाही, त्याचा नंबर लागत नाही. घरच्यांना विचारण्यासारखी गोष्ट नव्हे. तर 'अलग होणे' तुमच्याकडे कोरोनाच्या संदर्भात कोणी म्हणत होतं का? आणि सरकारी मराठीत विलगीकरण वेगळं, अलगीकरण वेगळं, असं खरंच काही होतं का?

धुऱ्यावरून :
अलग झाला म्हंजे वाटनी. याच्यात इचारन्यासारकं काय हाय भाऊ? भाऊ अलग होतेत, बैल अलग होतेत, वावर अलग होते. कोरोनावाल्याले आमच्या गावात 'शायेत (शाळेत) नेला' म्हनत. शायेत नेला म्हटलं का समदं गाव समजे.

कोशप्रेमी :
मुळात 'अलग' हा शब्द आपण हिंदीतून उचलला. वेगळा, निराळा, विभक्त असे शब्द घरात असताना त्याची गरज नव्हती. त्यालाच 'ईकरण' लावून अलगीकरण केलं की हिंदी धड आणि संस्कृत शेपूट. विलगीकरण हा घडणीने शुद्ध शब्द आहे. वि म्हणजे दूर, लग म्हणजे लागणे. लागण झाली म्हणून दूर केला, अर्थही चपखल बसतो. छापील पुस्तकात तोच ठेवा.

तळटीप :
कोशप्रेमी, संस्कृत कोश उघडलात तर पंचाईत होईल. तिथे 'विलग्न' म्हणजे चिकटलेला, लटकलेला. पोरगं आईला बिलगतं त्या 'बिलगणे'चं मूळही तिथलंच. उलट 'अलग' निघतो 'अलग्न'वरून, म्हणजे न लागलेला. व्युत्पत्तीच जर बघायची तर अलगीकरण सरळ आहे, आणि विलगीकरण केंद्रात आपण लोकांना एकमेकांच्या गळ्यात पडायला पाठवत होतो.

कोशप्रेमी :
मराठीत 'विलग' म्हणजे वेगळा, हा अर्थ रूढ आहे. संस्कृतात काय होतं त्याचा इथे संबंध नाही. शेवटी रूढी बलवान.

तळटीप :
मग 'अलग' रूढ नाही का? वर धुऱ्यावरून साहेबांनी बैलांपासून वावरापर्यंत रूढ असल्याचा दाखला दिला आहे.

गटप्रवर्तक :
मी तेव्हा गटप्रवर्तक होते, हाताखाली आशाताई. शब्दांचा हा घोळ आम्ही रोज दारोदार नेला, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कागदावर तिन्ही शब्द यायचे. तोंडी सांगितलं जायचं की लागण झालेल्याचं विलगीकरण, आणि बाहेरून आलेल्याचं किंवा संपर्कातल्याचं अलगीकरण. पुढच्याच पत्रात दोन्हींसाठी विलगीकरण. हातावर शिक्का मात्र क्वारंटाईनचा. बायांनी त्याचं 'कोरंटीन' केलं आणि प्रश्न मिटवला. ज्यांना तोही शब्द नको होता, त्यांना आपल्या भाषेत सांगायला गेलो आणि तिथेच फसलो.

एका घरी पुण्याहून मुलगा आला होता. त्याच्या आईला म्हटलं, काकू, याला चौदा दिवस अलग ठेवा. काकू उठूनच उभ्या राहिल्या. "आमच्या घरी अजून वाटन्या नाई झाल्या, तू कोन सांगनारी?" सून आत तोंडाला पदर लावून हसत होती. पुढच्या घरी शहाणपणा करून म्हटलं, यांना बाहेरच्या खोलीत बसवा. तर बुढा म्हणतो, "मी काऊन बाहेर बसू, मी काय बाई हाय?" आमच्याकडे बाहेर बसणं म्हणजे पाळी, हे इथे बहुतेकांना माहीत असेलच. त्या बुढ्याला पूर्ण उन्हाळा गावाने 'बाहेर बसलेले' म्हणून छळला. 'बाजूला' म्हणावं तर तेच. 'वेगळं' म्हणावं तर पुन्हा वाटणी. जो शब्द उचलावा त्यावर आधीच कोणीतरी बसलेलं. शेवटी आम्ही शब्द सोडला आणि नुसतं सांगायला लागलो, याची खोली ही, ताट हे, संडासला जाताना तोंड बांधायचं, चौदा दिवस.

पण काही आशाताई 'अलग ठेवा'च म्हणत राहिल्या, आणि काही घरांत तो शब्द रुळलाही. तुमची ओळ दोन्हीकडे जाऊ शकते. 'ठेवला' असतं तर मी डोळे मिटून कोरोना म्हटलं असतं. 'झाला' आहे म्हणून अडचण आहे.

धुऱ्यावरून :
ताई, बाहेर बसलेला बुढा लय भारी. पन तुमीच सांगून राह्यल्या ना, 'झाला' म्हंजे वाटनी. मिटलं.

तळटीप :
मिटलं कसं? 'कोरंटीन झाला' म्हणत होतेच की लोक. 'झाला' काय कशालाही लागतो.

उर्दूशाळा :
क्वारंटाईनचं मूळ व्हेनिसच्या बोलीतलं 'चाळीस दिवस'. जहाज बंदरात आलं की माणसं उतरवायची नाहीत, चाळीस दिवस थांबायचं. आमच्याकडे बाळंतिणीचा 'चिल्ला' असतो, तोही चाळीस दिवसांचा, आणि तुमच्याकडे सव्वा महिना. कारणं वेगळी, पण खोली, वेगळं अंथरूण आणि भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवणं, हे दोन्हीकडे घरोघरी माहीत होतं. आमच्या मोहल्ल्यात एका म्हातारीने मुलाला सरळ सांगितलं, "तेरा चिल्ला लग गया बेटा." कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

वऱ्याची भाकर :
आमच्या गल्लीत 'सुतक' म्हणत. त्या घरी सुतक हाय, चौदा दिवस. घरचे देवळात जायचे नाहीत, शेजारचे त्या घरचं पाणी प्यायचे नाहीत, सगळे नियम आपोआप पाळले गेले. मला तर वाटतं सरकारने हाच शब्द घ्यायला हवा होता. सोवळं, सुतक, विटाळ, आपल्या पूर्वजांकडे सगळं तयार होतं.

निळी पहाट :
तयार होतं, आणि कोणावर वापरलं जात होतं तेही आम्हाला माहीत आहे. आमच्या बापजाद्यांना गावाने पिढ्यान्पिढ्या अशाच 'विलगीकरणात' ठेवलं होतं, फक्त चौदा दिवसांनी सुट्टी नव्हती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'सामाजिक अंतर पाळा' असा फलक लागला तेव्हा माझे आजोबा तो मोठ्याने वाचून हसले. म्हणाले, "हे त हे लोक पयलेपासून पाळून राह्यले, आता नवीन काय लिवलं?" जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'सामाजिक' सोडून 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली होती. आमच्या भिंतीवरचा फलक पुढे पावसाने गेला तेवढाच. शब्द परत आणायचा तर त्याच्यामागे काय काय येतं तेही बघा.

वऱ्याची भाकर :
मला तसं म्हणायचं नव्हतं. सुतक तर सगळ्याच जातींत पाळतात.

निळी पहाट :
सुतक सोडून द्या. त्याच वाक्यात 'विटाळ' तुम्हीच लिहिलंत.

झाडीपट्टी :
आमच्याकडे ना अलग, ना सुतक. आमच्याकडे 'गाव बांधला'. गडचिरोली, चंद्रपूरकडची माणसं दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. लॉकडाऊन लागला तेव्हा कित्येक तिकडेच अडकले, बरेच जण पायी आले. पोरांनी रस्त्यावर लाकडं आडवी टाकली, बाहेरच्यांना बंदी म्हणून पुठ्ठ्यावर लिहिलं. मिरचीवाले आले की आधी शाळेत. घरून डबा यायचा, फाटकाशी ठेवून बाई मागे सरकायची, मग तो उचलायचा.

गंमत अशी की म्हाताऱ्यांच्या लेखी गाव बांधणे म्हणजे निराळंच. पुजारी शिवेवर फिरतो, पूजा होते, रोगराई आत येऊ नये म्हणून गाव 'बांधून' घेतात. ग्रुपवर मेसेज आला, 'आज गाव बांधला'. माझ्या आज्याने विचारलं, "कोंबडा कोणी देला?"

आता खरी कथा ऐका. हाच मेसेज नागपूरला शिकणाऱ्या माझ्या भाचीने कॉलेजच्या प्रकल्पात घेतला आणि खाली अर्थ लिहिला, 'गावात बांधकाम सुरू झाले'. मार्कं मिळाली.

संत्रानगरी :
रोगराई गावाबाहेर काढायचा विषय निघाला आणि अजून मारबत कोणी आणली नाही? पोळ्याच्या पाडव्याला ओरडतो ना आपण, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत!' ज्या वर्षी तिला न्यायला सगळ्यात मोठी पिडा होती, त्या २०२० साली नागपुरात काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूकच निघाली नाही. गर्दी नको म्हणून.

वेटाळकर :
सगळ्यांचे आभार, पण माझी ओळ तिथेच आहे. गटप्रवर्तक ताईंचं वाचून पुन्हा ग्रुप चाळला. दुसऱ्या दिवशी त्याच घराबद्दल एक ओळ सापडली : "चूल वावरात मांडून देली." आता बोला.

धुऱ्यावरून :
झालं ना मंग! चूल अलग म्हंजे घर अलग. याच्याहून मोठा पुरावा कोनता पायजे तुमाले?

गटप्रवर्तक :
अहो भाऊ, उलट. त्या मे महिन्यात कितीतरी लोकांनी पोराला वावरातल्या झोपडीत ठेवला. शाळेत कोंबण्यापेक्षा तिथे हवा असते, म्हणून आम्हीही नाही म्हणत नव्हतो. चूलही तिथेच मांडून द्यायचे, डब्याचं जाणं-येणं वाचतं. माझी आजी सांगायची, पिलेगात तर गावंच्या गावं वावरात राहायला गेली होती.

कोशप्रेमी :
'विभक्त झाला' लिहा. वाटणीलाही चालतं, विलगीकरणालाही. प्रमाण मराठीत याहून नेमका शब्द मिळणार नाही.

तळटीप :
दोन्हीला चालणारा शब्द नेमका कसा? आणि 'अलग' दोन्हीला चालतो म्हणून तर हा धागा निघाला. 'अलग झाला' तसंच ठेवा, खाली काही लिहू नका. नातवंडांना अडेल तर विचारतील कोणाला तरी.

कोशप्रेमी :
म्हणजे शब्दार्थ देण्याच्या कामात शब्दार्थ द्यायचा नाही. उत्तम. उद्या 'टाळेबंदी'लाही असंच सोडून द्याल.

गिरणीवाला पोरगा :
टाळेबंदी काढलीत म्हणून लिहितो. माझे वडील मिलमध्ये होते. आमच्या घरी टाळेबंदी म्हणजे मालकाने गेटला कुलूप लावलं आणि कामगार रस्त्यावर. संप आपण करतो, टाळेबंदी मालक करतो, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. कायद्याच्या मराठीतही तोच अर्थ. २०२० मध्ये पेपरात 'देशभर टाळेबंदी' वाचून वडील म्हणाले, मालक कोण? सरकारला शब्दच हवा होता तर संचारबंदी होता, जमावबंदी होता.

तळटीप :
संचारबंदी कर्फ्यूला लागतो, जमावबंदी पाच माणसं जमू नयेत म्हणून. घरात बसून राहा यासाठी दोन्ही अपुरे. गावात तर लोक सरळ 'लॉकडाऊन लागला' म्हणत होते. ग्रहण लागतं, सुतक लागतं, तसा लॉकडाऊन 'लागला'. एवढ्यावरच तो मराठी झाला.

संत्रानगरी :
अमरावतीकरांना विचारा, फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांना परत लागला होता.

धुऱ्यावरून :
तुमाले सब्दाची पडली. त्या वर्सी खरा कोरंटीन कोन झाला सांगू? कापूस. हमीभाव ५५५० रुपये, पन खरेदी बंद. मंग नोंदनी करा, मेसेजची वाट पाहा. तवरिक घरात कापूस, खाटीखाली कापूस, देवापाशी कापूस. उन्हाया लागला आन् अंगाले खाज सुटली, पोट्टे रातभर खाजवून राह्यले. डॉक्टर म्हने हे कापसाच्या किड्याचं हाय, कोरोना नाई. म्हटलं बरं झालं बाप्पा, नाई त खाजवत खाजवत शायेत जा लागलं असतं.

वऱ्याची भाकर :
खाजेचं अगदी खरं. आमच्याकडे शेवटी हमीभावाची वाट न पाहता व्यापाऱ्याला पडत्या भावात देऊन टाकला. आणि वर तोंडाला मुसकं. बैलाला डवऱ्याच्या वेळी पीक खाऊ नये म्हणून बांधतात तेच. आमच्या गावात मास्क कोणी म्हटलंच नाही, 'मुसकं बांधलं का' हेच.

कोशप्रेमी :
मास्कसाठी 'मुखपट्टी' हा चांगला शब्द रुळत होता.

झाडीपट्टी :
कुठे रुळत होता?

संत्रानगरी :
पेपरात. आमच्याकडे नाकावरून दुपट्टा गुंडाळायचे, त्याला वेगळं नाव कशाला? उन्हाळ्यात तसाही गुंडाळतोच.

निळी पहाट :
मुसकं बांधलेला बैल निदान त्याच्या शेतात काम करत असतो. आम्हाला मुसकं बांधून घरी बसवलं होतं, रोजी बुडवून.

गिरणीवाला पोरगा :
मुसकं की मुसके? एकवचनात काय म्हणता? आमच्या आईच्या तोंडी 'मुसकी' असायचं, पण ते 'मुसक्या आवळणे'मधलं असेल. तो शब्द आणि हा एकच का?

तळटीप :
एकच नसावा. 'मुसक्या'त हात मागे बांधतात, तोंड नाही.

धुऱ्यावरून :
आमच्या बैलाले इचारून सांगतो.