मिसळीच्या हॉटेलात कागदी प्लेट बंद करायच्यात, कुठली भांडी घेऊ? (बजेट ३५ हजार)

तर्रीवाला_नाशिक: नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला माझं मिसळीचं छोटं हॉटेल आहे. २४ खुर्च्या, रोजच्या साधारण २०० मिसळी. २०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून कागदी प्लेट, द्रोण, कागदी ग्लास आणि लाकडी चमचा चालवतोय. एका गिऱ्हाईकामागे ५ रुपये, म्हणजे महिन्याला ३० हजार कचऱ्यात. रात्री मागच्या दाराला तीन काळ्या पिशव्या भरलेल्या असतात. तर्री लागलेल्या कागदाला रद्दीवालाही हात लावत नाही. मला हे आता बघवत नाही. बसून खाणाऱ्यांसाठी कायमची भांडी घ्यायचीत. बजेट ३५ हजार, त्यावर जाता येणार नाही. धुवायला मावशी ठेवतोय. काय घेऊ, किती नग घेऊ?

खानावळकर: ३०४ ग्रेडचं स्टील घ्या, जाड पत्र्याचं. आमच्या खानावळीतली ताटं वडिलांनी १९९४ साली घेतलेली, अजून रोज चालतात. ५०-५५ हजार जातील, पण तुमची मुलंही तीच वापरतील.

सुगरण_सातारा: चुंबक लावून बघा. चिकटलं तर स्टील खोटं. दुकानदार फार फसवतात.

पत्राकाम: चुंबकाने एवढं कळत नाही हो. ३०४ ला चिकटत नाही, तसं स्वस्तातल्या २०२ लाही चिकटत नाही. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवतात, त्यामुळे मीठ-लिंबू लागून ओलं राहिलं की डाग धरतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या, तीच खरी खात्री.

नाक्यावरचा_चहा: चमचे मात्र चुंबकाला चिकटणारे घ्या. माझे पहिल्या महिन्यात १२० पैकी ४० चमचे खरकट्याबरोबर गेले. मग डब्याच्या तोंडाला जाड चुंबक बसवलं. आता चमचा पडायच्या आत तिथेच अडकतो.

मीरा_डोंबिवली: मेलामाइनच्या वाटेला जाऊ नका. मी पोळीभाजी केंद्रासाठी पांढऱ्या प्लेटा घेतल्या. हळदीने दोन महिन्यांत पिवळ्या झाल्या, तारेच्या घासणीने ओरखडे पडले, आणि ओरखड्यांत तेल बसतं ते निघत नाही. सगळ्या काढून टाकल्या.

खानावळकर: म्हणूनच म्हणतोय, ३०४.

शेतकरी_सिन्नर: धुवायला पाणी किती लागेल त्याचा विचार केलात का? आमच्याकडे एप्रिल-मे टँकरवर काढतो. पत्रावळ आणि द्रोण वापरा. गुरं खातात, नाहीतर खत होतं.

मीरा_डोंबिवली: पानाच्या द्रोणातून रस्सा गळतो, दादा. पाण्याचं म्हणाल तर वाहत्या नळाखाली घासायचंच नाही. आधी खरकटं खरवडून काढायचं, मग तीन टब: साबणाचं गरम पाणी, विसळायचं, शेवटी कडकडीत. पुसायचं नाही, जाळीवर उपडं निथळू द्यायचं. फडक्यानेच वास लागतो.

कॅटरिंग_पुणे: दीड लाखाचं मशीन घ्या, सगळे वाद मिटतील. आम्ही घेतलं, एक माणूस वाचला.

तर्रीवाला_नाशिक: बजेट ३५ आहे हो. पण नग किती, ते कोणी सांगेल का?

पत्राकाम: खुर्चीमागे तीन. एक टेबलावर, एक धुण्यात, एक निथळताना. तुम्हाला ७२, वर थोडे जादा. ग्लास गरम असताना एकात एक घालू नका, असे अडकतात की सुटत नाहीत. आणि सिंकखाली तेल अडवणारा ट्रॅप बसवा. तर्रीने महिन्याभरात पाइप तुंबेल.

श्टुटगार्टहून: इथे जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून पार्सल देणाऱ्या मोठ्या हॉटेलांना परत करायच्या डब्याचा पर्याय ठेवावाच लागतो. शेजारच्या ट्युबिंगन गावाने त्याआधी, २०२२ लाच, फेकायच्या भांड्यांवर नगामागे ५० सेंट कर लावला. मी डब्याचं डिपॉझिट देतो, दुसऱ्या दिवशी परत घेतो. तुम्हीही पार्सलपासूनच सुरुवात करा.

नाक्यावरचा_चहा: आपल्याकडे डिपॉझिटचा डबा परत येत नाही. अनुभव आहे.

सुगरण_सातारा: आपल्याकडे डबेवाले इतकी वर्षं रोज डबे परत आणतातच की! गिऱ्हाईकाला नाव ठेवू नका.

खानावळकर: एक राहिलंच. कप्प्याचं ताट अजिबात घेऊ नका. कोपऱ्यात फरसाण अडकतं, आणि ऑफिसच्या कँटीनसारखं दिसतं.

मीरा_डोंबिवली: +१. साधी प्लेट आणि सुट्या वाट्या.

तर्रीवाला_नाशिक: सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटी कप्प्याचं ताटच घेतलं. रागावू नका, कारण सांगतो. दुकानदाराकडून दोन्ही प्रकारचे पाच-पाच नग नमुन्याला आणले आणि मावशींना धुवायला दिले. सुट्या भांड्यांत एका मिसळीमागे प्लेट, रश्श्याची वाटी, कांद्याची वाटी, दह्याची वाटी असे चार नग हातात येतात. कप्प्याच्या ताटाबरोबर रश्श्याची एक वाटी, म्हणजे दोनच. कोपरे गोलसर असलेली निवडली, ब्रश आत जातो. मावशी म्हणाल्या, "दादा, दुपारी दीडला माझे हात किती चालणार ते बघा." दिवसभर पाण्यात हात त्यांचे राहणार, म्हणून त्यांचं ऐकलं.

ताटं ७५, वाट्या ९०, ग्लास १००, चमचे १२० (चुंबकाला चिकटणारे), टब, जाळीचा रॅक आणि ट्रॅप धरून ३४ हजारांत बसलं. ताटं आणि वाट्या ३०४, बिलावर लिहून घेतलंय. मावशींचा पगार, साबण, गॅस धरूनही महिन्याला काही हजार उरतील असं दिसतंय.

पार्सलला सध्या एवढंच, घरचा डबा आणला तर ५ रुपये कमी. पाटी लावली. काल संध्याकाळपर्यंत सहा डबे आले. त्यातल्या एका आजींनी पितळी कडीचा डबा आणला होता.