पांढरे ठिपके दिसले की लगेच कॉपर? मला पटत नाही

खाडीकाठ:
समुद्री टँक ठेवणाऱ्यांमध्ये एक सवय पक्की झाली आहे. कुणी आजारी माशाचा अंधुक फोटो टाकतो, "औषध सांगा" म्हणतो, आणि पाच मिनिटांत दहा जण एकच शब्द लिहितात: कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध. आजार कुठला, हे कुणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी मीही हेच केलं. क्लाउनफिशची जोडी आणली. तिसऱ्या दिवशी मादीच्या अंगावर पांढरट डाग दिसले. वेगळ्या टँकमध्ये कॉपर सुरू केलं, पाण्यातलं त्याचं प्रमाण किटने सकाळ-संध्याकाळ मोजत राहिलो. पण ते ठिपके नव्हतेच. दुधावरची साय सुटावी तसा अंगावरचा चिकट थर सोलून शेपटीजवळ लोंबत होता. तो ब्रूकलिनेला, कातडीवरचा एक परजीवी. त्याच्यावर कॉपर चालत नाही, फॉर्मलिन नावाचं औषध लागतं. सकाळी मादी गेली, संध्याकाळी नर. कॉपरची पातळी शेवटपर्यंत अगदी बरोबर होती.

म्हणून सांगतो, आधी नीट बघा. मीठ भुरभुरल्यासारखे सुटे, मोजता येतील असे दाणे, जे दोन-चार दिवसांत गळतात आणि पुन्हा जास्त संख्येने येतात, तो क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी, म्हणजे आपला समुद्री इच. पिठाची किंवा सोनेरी धुळीची बारीक भुकटी दिसली तर वेल्वेट, तोही परजीवीच. परांच्या कडेला फुलकोबीसारख्या गाठी आल्या तर लिम्फोसिस्टिस. तो विषाणूचा आजार, बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. त्या माशाला कॉपरमध्ये टाकणं म्हणजे विनाकारण विष देणं.

निळा सर्जन:
तुमच्या जोडीचं वाईट वाटलं. पण हा सल्ला नवख्यांना महागात पडेल.

माझ्याकडे वेल्वेट आला तेव्हा मी तुम्ही म्हणता तसंच "नीट बघत" बसलो होतो. यलो टँग मासा दिवसभर वेव्हमेकरच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड घालून उभा. अंगावर एकही ठिपका नाही. वाटलं, नवा आहे, बुजला असेल. वेल्वेट आधी कल्ल्यांत शिरतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. धूळ दिसली त्या रात्री तीन मासे गेले, दुसऱ्या रात्री सहा. लगेच कॉपर दिलं असतं तर निम्मे तरी वाचले असते, असं मला आजही वाटतं. खात्री होईपर्यंत मासा थांबत नाही.

शंखशिंपला:
मी दोघांच्याही विरोधात आहे. माझ्या ब्लू टँगला पहिल्या वर्षी इच झाला होता. मी त्याला हलवलं नाही. रोज नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), पाणी स्वच्छ, पाण्यातले जंतू मारणारा यूव्ही दिवा चालू. ठिपके गेले, पाच वर्षं झाली, मासा खणखणीत आहे. इचमधून वाचलेल्या माशाला काही महिने प्रतिकारशक्ती राहते, हे संशोधनातही दिसलं आहे. उलट एवढा पोहणारा मासा चाळीस लिटरच्या, दगड-वाळू नसलेल्या टाकीत कोंबला, तिथे अमोनिया चढला, की आजाराआधी तोच त्याला मारतो. क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अशा वेगळ्या टाकीत, गेलेल्या माशांचा हिशोब कुणी मांडत नाही.

निळा सर्जन:
@शंखशिंपला, तुमचा टँग बरा झाला, टँक नाही झाला. परजीवी तिथेच आहे. उद्या वीज गेली, हीटर बिघडला, किंवा नवा मासा आणला, की तो पुन्हा डोकं वर काढणार. माशाच्या अंगावरून गळून तो दगडावर, वाळूत कोष करतो, आणि त्या कोषातून पिल्लं निघायला 72 दिवसांपर्यंत लागल्याची नोंद आहे. म्हणून तर मुख्य टँक अडीच महिने बिनमाशाचा ठेवायला सांगतात. आणि अमोनियाचं म्हणाल, तर जुना मुरलेला स्पंज घाला, पाणी बदलत राहा. तो आळसाचा प्रश्न आहे, पद्धतीचा नाही.

शंखशिंपला:
आळस म्हणू नका. नोकरी सांभाळून रोज पाणी बदलणं सगळ्यांना जमत नाही, आणि जमणार नाही हे मान्य करून वेगळी वाट घेतली तर तो गुन्हा नाही.

प्रयोगशाळा_ताई:
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, घरी 200 लिटरचा टँक आहे. तुमची अर्धी भांडणं साध्या शाळकरी सूक्ष्मदर्शकाने मिटतील. माशाच्या अंगावरचा चिकट थर हलकेच खरवडून काचेवर घ्या (यालाच स्क्रेप म्हणतात), टँकच्याच पाण्याचा थेंब टाका आणि लगेच बघा, कारण हे जीव काचेवर फार वेळ टिकत नाहीत. मोठा, गोल, सावकाश फिरणारा दिसला तर इच. गडद, नासपतीच्या आकाराचा, अजिबात न हलणारा म्हणजे वेल्वेट. घेवड्याच्या दाण्यासारखा आणि भराभर पळणारा ब्रूकलिनेला. सगळं मिळून पाच मिनिटं.

आणि निदान काहीही निघो, कॉपर मुख्य टँकमध्ये ओतू नका. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ मरतात, आणि दगड-वाळू ते शोषून घेतात. शिवाय कॉपर फक्त मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कातडीतल्या आणि कोषातल्या परजीवीला नाही. ठिपके गेले म्हणून चौथ्या दिवशी बंद केलं तर सगळं मुसळ केरात.

खाडीकाठ:
@निळा सर्जन, एक मानतो. मासा धापा टाकत असेल, उजेड टाळत असेल, झोतात उभा असेल, तर थांबायचं नाही. त्याच तासाला वेगळा टँक आणि कॉपर. तेवढ्यापुरती माझी चूक.
पण मासा जेवतोय, श्वास नेहमीसारखा आहे आणि अंगावर चारच दाणे आहेत, तिथे एक दिवस बघण्यात काही जात नाही.

निळा सर्जन:
तो एक दिवस मी आता कधीच देणार नाही. पण सूक्ष्मदर्शक घेईन म्हणतो. ताई, स्क्रेप घेताना मासा किती वेळ बाहेर चालतो?

प्रयोगशाळा_ताई:
अर्ध्या मिनिटाच्या आत. हात आणि हातमोजे टँकच्या पाण्यात भिजवून घ्या, माशाच्या डोळ्यांवर ओला कपडा ठेवा, आणि कव्हरस्लिपची (सूक्ष्मदर्शकाच्या पातळ झाकणकाचेची) कड बाजूच्या पराच्या मागून शेपटीकडे फिरवा. उलट दिशेने नको, खवले निघतात. काच आधी फोकस करून ठेवा, मग मासा पकडा.