गाजराच्या रसाने चष्म्याचा नंबर जात नाही

लेकीचा मायनस नंबर (लांबचं धूसर दिसतं तो) कसा घालवावा, असं एका पालकांनी विचारलं होतं; त्यावर कुणीतरी गाजराचा रस आणि त्राटक, म्हणजे एका बिंदूकडे किंवा ज्योतीकडे एकटक बघण्याचा व्यायाम, सुचवलंय. मायनस नंबरात बहुतेक वेळा डोळाच पुढून मागे लांबट झालेला असतो, व्यायामाने तो आखूड होत नाही. 'अ' जीवनसत्त्व कमी पडून रातांधळेपणा आला असेल तर गाजर, शेवग्याचा पाला, पपई खरंच उपयोगी. पाला तेलात परतून द्या, म्हणजे अंगी लागतो. पण नंबर त्याने उतरत नाही. त्यापेक्षा तिला रोज दोनेक तास उजेडात, मैदानावर खेळू द्या. अशा मुलांना मायनस नंबर लागायचं प्रमाण कमी आढळलंय. आणि कृपा करून चष्मा काढून ठेवू नका, वर्गात तिला फळा दिसणार नाही. दरवर्षी नंबर तपासून घ्या.