फ्रॅटर्निटीत होतात? पुढच्या आयुष्यात त्यातलं काय उरलं, ते सांगा

धाकटा यंदा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेला. परवा फोनवर म्हणाला, "आई, मी रश करतोय," म्हणजे फ्रॅटर्निटीत शिरायच्या खटपटीत आहे, आणि माझ्या पोटात गोळा आला. मी पुण्यात वाढले, हॉस्टेलात राहिले. पण कॉलेजातल्या मुलांच्या या संघटना, त्यांची ग्रीक अक्षरांची घरं, ते बिड म्हणजे आमंत्रण मिळणं, प्लेज म्हणजे उमेदवार सभासद होणं, हे न्यू जर्सीत बावीस वर्षं काढूनही मला नीट कळलेलं नाही. २०१७ साली पेन स्टेट विद्यापीठात टिमथी पियाझा हा १९ वर्षांचा मुलगा गेला. बिड स्वीकारला त्याच रात्री त्याला भरमसाट दारू पाजली, तो जिन्यावरून पडला, आणि घर मुलांनी भरलेलं असूनही सकाळपर्यंत कुणी ९११ला फोन केला नाही. फ्रॅटर्निटी म्हटलं की मला तो जिनाच आठवतो.

पण ऑफिसात मी ज्यांच्यावर डोळे झाकून विश्वास टाकते, ती दोन्ही माणसं फ्रॅटर्निटीतली आहेत. म्हणून विचारते. पार्ट्यांबद्दल नको. दहा-वीस वर्षांनी तुमच्या स्वभावात, कामात, घरात त्यातलं काय राहिलं, तेवढं सांगा.

*

इंडियाना, १९९६ ते २०००. चाळीस पोरांच्या घरात मी एकटा देशी. दुसऱ्या वर्षी मला खजिनदार केलं. थंडी सुरू होताच बॉयलर बंद पडला आणि अकरा जणांचे ड्यूज, म्हणजे वर्गणी, थकलेले. त्यात माझा बिग ब्रदरही होता, म्हणजे नव्या मुलाला सांभाळायला नेमलेला जुना सभासद, ज्याने मला पहिल्या वर्षी गणितात अक्षरशः हात धरून पुढे नेलं तो. चार दिवस त्याच्या दाराशी जाऊन परत आलो. पाचव्या दिवशी दार वाजवलं. त्याने पलंगाखालून एक जुना बूट ओढला, आतल्या चुरगळलेल्या नोटा मांडीवर सरळ केल्या, दोनशे चाळीस डॉलर मोजून दिले. बाकीचे हप्त्याने देतो म्हणाला आणि दिले. आपल्या माणसाकडे पैसे मागता येतात आणि तरीही तो आपला राहतो, हे मला विसाव्या वर्षी कळलं. आज माझ्या हाताखाली साठ माणसं आहेत. कुणाला कडू सांगायचं असेल तर मी ईमेल लिहीत नाही, उठून त्याच्यापाशी जातो.

२०१४ मध्ये बाबा गेले. सगळे नातेवाईक भारतात. फ्युनरल होमच्या आवारात ओहायो आणि इलिनॉयच्या नंबरप्लेटच्या गाड्या येऊन लागल्या. त्यातून सहा जण उतरले. आपले विधी त्यांना कुठून माहीत असणार! एकाने हळूच विचारलं, बूट कुठे काढायचे? बाबांना खांदा देणाऱ्यांत दोघं त्यांच्यातले होते. आई अजून त्यांना दिवाळीला चकल्या पाठवते.

*

मी अटलांटात नर्स आहे. स्वतः कशातच नव्हते, पण आमच्या वॉर्डच्या मुख्य नर्सबद्दल सांगते. त्या अल्फा कप्पा अल्फामध्ये आहेत. १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींनी सुरू केलेली ही सोरोरिटी, म्हणजे मुलींची फ्रॅटर्निटी. त्यांच्यात पदवी मिळाली म्हणून सभासदत्व थांबत नाही, पदवीधर बायकांच्या वेगळ्या शाखा असतात. बाई सदुसष्ट वर्षांच्या आहेत. निवडणुकीच्या वर्षी गुलाबी-हिरवं जाकीट घालून शनिवारी चर्चच्या आवारात टेबल मांडतात आणि मतदारांची नावं नोंदवतात. उन्हात, गुडघे दुखत असताना.

*

माझं वेगळं आहे. आमची दक्षिण आशियाई मुलांची फ्रॅटर्निटी. दारू नव्हती, पण झोपू देत नसत. पाच आठवडे. तळघरात, फरशीवर कोपरांच्या आधाराने ओणवं राहून संस्थापकांची नावं म्हणायची, चुकलं की पहिल्यापासून. माझ्या शेजारचा मुलगा रडायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढच्या वर्षी नावांचा कागद माझ्या हातात होता आणि फरशीवर नवी मुलं. त्याचाच मला जास्त त्रास होतो.

मित्र मिळाले, पहिली नोकरीही त्यांच्यातल्याच एकाने लावून दिली. ते नाकारत नाही. पण त्या नोकरीत साहेब एका मुलीला रोज सगळ्यांदेखत फाडून खायचा आणि मी मान खाली घालून बसायचो. ही गप्प बसायची सवय मी त्या तळघरातून घेऊन आलो. गेल्या वर्षी, एकोणीस वर्षांनी, त्या रडणाऱ्या मुलाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. माफ केलं का, ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही.

*

ताई, टेक्ससहून लिहितोय, माझी दोन्ही मुलं यातून गेली. डिसेंबर २०२४ मध्ये देशभरासाठी कायदा झालाय, छळात दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती कॉलेजांना जाहीर करावी लागते. आधी ती वाचा. मग मुलाला एकच विचारा: प्लेज असताना मध्येच 'मला जमणार नाही' म्हणून निघून गेलेला कुणी आहे का, आणि आज हे लोक त्याच्याशी बोलतात का?

*

सगळ्यांचं दोनदा वाचलं. तळघराबद्दल ज्यांनी लिहिलं, त्यांना काय म्हणावं ते सुचत नाहीये, पण तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. काल रात्री धाकट्याला टेक्ससच्या दादांचा प्रश्न विचारला. बराच वेळ फोनवर काही आवाज नव्हता. मग म्हणाला, "माहीत नाही गं. उद्या विचारतो."