पीटच्या दलदलीवर पवनचक्क्या: परवानगी द्यावी की नाही?

ओलीमाती:
पवनऊर्जा हवीच, वाद जागेचा आहे. पीट म्हणजे पाणथळ जागी पूर्ण न कुजता साचत गेलेलं शेवाळ आणि गवत. हा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे पाच मीटरला पाच हजार वर्षं. जगाच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्केच जागा पीटची, पण तिथे साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांमधल्या झाडाझुडपांपेक्षा जास्त आहे.

आयर्लंडमध्ये गॉलवे काउंटीत डेरीब्रायनच्या डोंगरावर ७० पवनचक्क्यांचं काम चालू असताना, ऑक्टोबर २००३ मध्ये, सुमारे साडेचार लाख घनमीटर पीट उतारावरून सुटलं. ते नदीत उतरलं आणि हजारो मासे मेले. पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यमापन नीट झालंच नव्हतं, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये दिला. तरीही काही हललं नाही, म्हणून २०१९ मध्ये आयर्लंडला ५० लाख युरो दंड झाला, वर पूर्तता होईपर्यंत रोजचे १५ हजार. शेवटी २०२२ मध्ये मागाहून मागितलेली परवानगीही नाकारली गेली आणि चालू प्रकल्प कायमचा बंद करावा लागला.

खोल आणि ओल्या पीटवर परवानगी देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

वायव्य:
अजिबात पटत नाही. एका वाईट बांधकामावरून सगळ्या जागा बाद करायच्या? डेरीब्रायनचा डोंगर काही अस्पर्श नव्हता, तिथे चर खणून सूचिपर्णी झाडांची लागवड झालेली होती. पीटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. उतारावर खोदलेला माल तिथेच टाकला की वजनाने थर सुटू शकतो. हा दोष कामाच्या पद्धतीचा आहे.

ग्लासगोजवळचं व्हाइटली बघा. २१५ पवनचक्क्या, ५३९ मेगावॅट, तीही बरीचशी पीटच्या जमिनीवर. तिथे लागवडीची झाडं तोडून, चर बुजवून दलदल पुन्हा ओली करण्याचं काम प्रकल्पाच्याच पैशातून चालतं. पवनचक्क्या नसत्या तर हा खर्च कुणी केला असता? आणि तापमान वाढत राहिलं तर यातल्या काही दलदली तशाही सुकण्याची भीती आहेच.

ओलीमाती:
दोष पद्धतीचा म्हणता, मग नोव्हेंबर २०२० मध्ये आयर्लंडमधल्याच डोनेगल काउंटीत मीनबॉगला काय झालं? डेरीब्रायननंतर सतरा वर्षांनी, पवनऊर्जेच्याच बांधकामात, पुन्हा पीट घसरलं आणि सॅमन माशांच्या नदीत गेलं.

शिवाय घसरणं डोळ्यांना दिसतं. खरं नुकसान चरांमधून हळूहळू होतं. पाया आणि रस्त्यासाठी पाणी काढलं की भूजल खाली जातं, कोरड्या पीटमध्ये हवा शिरते, ते कुजू लागतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. पाया लहान दिसतो, पण सुकण्याचा पट्टा चराच्या दोन्ही बाजूंना पसरतो आणि पवनचक्क्यांना जोडणारे रस्ते मैलोन्‌मैल असतात.

हिशेबी:
कार्बनच्या हिशेबातली एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यातून सुटली. पवनचक्कीने किती कार्बन वाचवला, हे ती कोणती वीज हटवते त्यावर ठरतं. कोळशाची वीज हटवली तर पीटचं नुकसान लवकर भरून निघतं. पण ब्रिटनचं शेवटचं कोळसा वीजकेंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झालं. ग्रिड जितकं स्वच्छ, तितकी नव्या पवनचक्कीची बचत कमी. पीटमधून सुटणारा कार्बन मात्र तेवढाच. अ‍ॅबरडीन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्येच हे मांडलं होतं: धडधाकट पीटवर बांधलेल्या पवनचक्क्यांमुळे पुढच्या काळात उत्सर्जन कमी होण्याची शक्यता फारशी नाही.

वायव्य, कोळशाच्या विजेच्या काळातलं उत्तर आज चालणार नाही.

सह्यपठार:
आपल्याकडे पीट फारसं नाही, पण साताऱ्याजवळचं चाळकेवाडी आहे. तिथल्या पठारावर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले. त्यामुळे सरडे वाढले, पण ते अंगाने बारीक आणि माणसाला कमी घाबरणारे. पठार 'पडीक' आहे असं म्हणत तिथे बांधणारे आणि दलदल 'निरुपयोगी' म्हणणारे यांच्यात मला फरक दिसत नाही. माझं मत ओलीमातीच्या बाजूने.

वायव्य:
हिशेबीचा मुद्दा वजनदार आहे, पण तो धडधाकट पीटपुरता. आयर्लंडमध्ये ऑफलीतलं माउंटलुकस आहे: २८ पवनचक्क्या, ८४ मेगावॅट. ती जागा इंधनासाठी पीट काढून काढून उघडी पडलेली. सरसकट बंदी आणलीत तर अशा जागाही हातच्या जातील आणि तेवढी वीज गॅसवर होईल. हे मला मान्य नाही.

ओलीमाती:
उपसून संपलेल्या जागांना माझा विरोध नाही. मी 'खोल आणि ओल्या' असंच लिहिलं आहे. तिथे बांधा, पण उरलेले चर बुजवण्याची अट परवान्यातच घाला. व्हाइटलीबद्दल मात्र आपलं जमणार नाही. दलदल बरी करण्यासाठी आधी तिच्यात रस्ते खणायचे, हा सौदा मला मंजूर नाही. त्या कामाला सरकारने वेगळा पैसा द्यावा.

हिशेबी:
आणि परवानगीआधी थराची खोली प्रत्येक पायाच्या जागी सळई घालून मोजा, रस्त्याच्या रेषेवरही. प्रकल्प बंद करताना काय करायचं तेही तेव्हाच लिहून घ्या. डेरीब्रायनला आता पाये उपटले तर पीट पुन्हा हलणार आणि ठेवले तर काँक्रीट डोंगरात राहणार. माझ्या मते पाये तिथेच ठेवून चर बुजवावेत.

वायव्य:
यावर सहमत. सरसकट बंदीवर नाही.