वाचनालयांचं अनुदान बंद करा म्हणणाऱ्यांनो, आधी ‘डाउनलोड’ म्हणजे काय ते पाहा

बर्डीकर
काल नेटवाला_मानेवाडा यांनी इथं लिहिलं, "यूट्यूबवर सगळे क्लास फुकट, पुस्तकांच्या पीडीएफ फुकट. सार्वजनिक वाचनालयांचं अनुदान बंद करा आणि त्या पैशात चौकाचौकात वायफाय द्या." याला दोन ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून वेगळा धागा.

यूट्यूबच्या ॲपमध्ये डाउनलोड दाबलं म्हणजे फाइल आपली होत नाही. ती ॲपच्या आत कुलूपबंद असते, पेनड्राइव्हवर जात नाही, दुसऱ्या प्लेयरमध्ये उघडत नाही. पैसे न भरणाऱ्याला बहुतेक व्हिडिओ 48 तास ऑफलाइन दिसतात, पुढे पुन्हा नेट लागतं. टाकणाऱ्यानं तो काढून टाकला की नेट जोडताच तुमच्याकडचाही जातो. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या पुढच्या गावातल्या मुलीनं रविवारी शहरात येऊन आठवड्याचे तास भरून नेले, तर मंगळवारी रात्री तिच्या फोनवर काय उरलं?

एनपीटीईएल या आयआयटींच्या फुकट अभ्यासक्रमांच्या साइटवर मात्र अभ्यासक्रमाच्या पानावरून व्हिडिओची खरी फाइल आणि व्याख्यानाचा लिखित मजकूर, दोन्ही उतरवता येतात. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपनं स्कॅन केला की धड्याचं साहित्य फोनमध्ये उतरवता येतं आणि मग नेटशिवाय चालतं. हे त्या मुलीला कोण दाखवणार? वाचनालयातला माणूस दाखवेल, चौकातलं वायफाय दाखवणार आहे का?

नेटवाला_मानेवाडा
काहून इतके तापून राहिले जी? वाचनालय दाखवते म्हणता, पण ते उघडं कधी असते? सकाळी दोन-तीन तास, संध्याकाळी दोन-तीन तास. मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते तेव्हा दुपारी पोराले थंड जागी बसून वाचायचं असते, तर दाराले कुलूप. पुस्तक आहे की नाही हे पाहायले रजिस्टर चाळा.

अन डेटा लागते म्हणाल, तर व्हिडिओचा दर्जा 480 वर ठेवून तासभर पाहिलं तर अर्ध्या जीबीच्या आसपास जाते. स्लाइड अन आवाज असलेला तास त्याहून कमी घेते, कारण चित्र हलतच नाही. 360 वर ठेवा, स्लाइड वाचता येते. फळ्यावर खडूनं लिहिलं असेल तेवढं 720 वर पाहा. दिवसाच्या दीड जीबीत दोन तास आरामात बसतात.

पुस्तकांसाठी इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतली साइट आहे, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे, साहित्य संस्कृती मंडळाच्या साइटवर फुकट पीडीएफ आहेत. अजून काय पाहिजे?

महालची_वाचक
भाऊ, आर्काइव्हच्या भरवशावर वाचनालय बंद करायचं? तिथली उसनी पुस्तकं तासाभरासाठी मिळतात, काही 14 दिवसांसाठी. अमेरिकेत प्रकाशकांनी खटला भरला, 4 सप्टेंबर 2024 ला अपिलातही निकाल आर्काइव्हच्या विरोधात गेला. उसनवारीतून सुमारे 5 लाख पुस्तकं निघाली. निकालानंतर पुढच्याच महिन्यात सायबर हल्ला झाला आणि साइट कित्येक दिवस बंद होती.

ई-पुस्तकं उसनी देणाऱ्या लिबी ॲपचंही कौतुक ऐकते. ते चांगलंच आहे, पण त्या सेवेत सामील असलेल्या ग्रंथालयाचं कार्ड लागतं. तिथं बहुतेक पुस्तकांचा ग्रंथालय एका प्रतीचा परवाना घेतं, एका वेळी एकच वाचक, बाकीचे रांगेत. म्हणजे त्या फुकट ॲपच्या मागेही अनुदानावर चालणारं ग्रंथालयच उभं आहे!

नेटवाला_मानेवाडा
मी उसन्या पुस्तकांचं बोलतच नाही. मराठीतली जुनी, हक्क संपलेली पुस्तकं म्हणतो. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, मोजणी पुढच्या 1 जानेवारीपासून. साने गुरुजी 1950 ला गेले, म्हणजे 1 जानेवारी 2011 पासून मोकळे. आपल्या सावनेरला 1919 मध्ये गेलेले राम गणेश गडकरी तर कधीचेच मोकळे. थेट उतरवा, कोणाले विचारायचं काम नाही.

महालची_वाचक
मूळ मजकूर मोकळा. नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा आणि अनुवाद यांचे हक्क वेगळे असतात, ते पाहूनच उतरवा. आणि सापडेल तर उतरवाल! डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे स्कॅन आर्काइव्हवर आहेत, पण नावं रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी. ‘ज्ञ’ कुठे जीएन, कुठे जेएन, कुठे डीएन. ‘व’ कधी व्ही, कधी डब्ल्यू. ‘ळ’ चा एल. देवनागरीत शोधलं की शून्य निकाल.

बर्डीकर
त्यावर उपाय आहे. पुस्तकाचं नाव टाकूच नका. लेखकाचं आडनाव दोन-तीन स्पेलिंगनी टाका, डावीकडे भाषा मराठी निवडा. वर्षाची चाळणी लावू नका, नोंदीतलं वर्ष बरेचदा चुकीचं असतं. उतरवताना पीडीएफच घ्या. ईपब यंत्रानं बनवलेलं असतं, आणि जुन्या स्कॅनवर मराठी अक्षरओळख (ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलणं) झालेलीच नसते, त्यामुळे आत नुसता कचरा निघतो. पीडीएफ उतरली की आधी पानांचे आकडे तपासा. पानं गळालेली किंवा उलटसुलट लागलेली सापडतात.

श्राव्य_वाचक
पीडीएफ घ्या म्हणून मोकळे झालात. स्कॅनची पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. दृष्टिहीन वाचकाच्या फोनला त्यातला एक शब्दही बोलता येत नाही. श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फाँटमध्ये केलेल्या पीडीएफ त्याहून वाईट. डोळ्यांना मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. कॉपी करून पाहा, अर्थहीन रोमन अक्षरं पडतील. शोधाही चालत नाही.

दृष्टिहीनांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय, सुगम्य पुस्तकालय, 2016 पासून आहे. अशा वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय मराकेश करार सगळ्यात आधी भारतानं 2014 ला मान्य केला. वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तकाचं रूपांतर करायला आपला कॉपीराइट कायदा परवानगी देतो. तरी ‘सगळं फुकट आहे’ म्हणताना ही माणसं कुणाच्याच हिशोबात नसतात.

नेटवाला_मानेवाडा
मग अक्षरओळख करून घ्या ना! टेसरॅक्ट हे त्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठीची फाइल त्यात मिळते.

श्राव्य_वाचक
मिळते, आणि निम्मं काम तिथंच फसतं. स्कॅन 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) करडा पाहिजे. 150 ला अनुस्वार आणि रफार पुसतात. पान तिरपं असेल तर आधी सरळ करा, नाहीतर शिरोरेषा तुटून दोन ओळी एकमेकींत घुसतात. फोनवर काढलेलं पान व्हॉट्सॲपला ‘फोटो’ म्हणून धाडू नका, तो दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून धाडा.

इतकं करूनही जुन्या पुस्तकात ‘कांहीं’, ‘नाहीं’ असतं. अनुच्चारित अनुस्वार मराठी लेखनाच्या 1962 च्या नियमांनी गेले. ‘काही’ शोधलं तर ‘कांहीं’ सापडत नाही. म्हणून मूळ मजकूर तसाच ठेवून शोधासाठी आजच्या लेखनाची दुसरी प्रत करावी लागते. हे माणसाचं काम आहे, ते यंत्रावर ढकलू नका.

नेटवाला_मानेवाडा
हे मले माहीत नव्हतं, मानतो. पण तुमचं वाचनालय यातलं एक तरी काम करून राहिलं का? रजिस्टर टंकून एक्सेलात टाकत नाही, ते ओसीआर काय करणार?

महालची_वाचक
हा आरोप बरोबर आहे, आणि लागतोही. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांचे अ-ब-क-ड वर्ग ठरतात ते ग्रंथसंख्या, वाचक, वर्तमानपत्रं मोजून. उतरवलेल्या फाइलींची सूची ठेवली म्हणून कुणी वर्ग वाढवून देत नाही. तरी कॉपीराइट कायद्यात वाट आहे. जे छापील पुस्तक ग्रंथालयाकडे आहे, त्याची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालय ठेवू शकतं. ती प्रत सभासदांच्या ग्रुपवर वाटायची परवानगी मात्र त्यात नाही, हेही लक्षात ठेवा.

बर्डीकर
मग हक्क संपलेल्यांपासून सुरुवात करा. प्रत्येक फाइलच्या नावात देवनागरी शीर्षक, लेखक, मृत्यूचं वर्ष, किती पानं, कुठली गहाळ. एक जुना संगणक आणि दोन हार्ड डिस्क, एक वाचनालयात, दुसरी दुसऱ्या इमारतीत. पेनड्राइव्ह आणणाऱ्याला भरून द्यायचं.

नेटवाला_मानेवाडा
दुपारी उघडं ठेवाल तर अनुदानाबद्दलचं वाक्य मागे घेतो. बारा ते चार. त्याच्याशिवाय नाही.

श्राव्य_वाचक
आणि त्या संगणकावर एनव्हीडीए टाका. दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर फुकट आहे. सोबत हेडफोन ठेवा.