ओला टीशर्ट आणि ऊन
या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की बीचवर पोरांना टीशर्ट घातला की सनस्क्रीनची कटकटच नको. अर्धंच पटलं. साधा पांढरा कॉटनचा टीशर्ट ओला झाला की कोरड्यापेक्षा जास्त यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) आत सोडतो, हे आम्हाला तारकर्लीला कळलं, पोरगा दुपारभर पाण्यात डुंबत होता, आभाळ आलेलं म्हणून आम्हीपण निवांत, आणि रात्री बघतो तर खांदे लालबुंद, हात लावू देईना. आता घट्ट विणीचा, गडद रंगाचा फुलबाह्यांचा स्विमिंग टॉप घेतलाय, आणि तोंड, मान, कान, पावलं (पावलं सगळेच विसरतात!) इथे क्रीम, दर २ तासांनी आणि टॉवेलने पुसलं की परत.

बाकी सनस्क्रीनचा एसपीएफ (क्रीम उन्हापासून किती वाचवतं त्याचा आकडा) ३० हवा की ५० यावरून कशाला भांडताय, एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजून लाल करणारे यूव्ही किरण) अडवतं आणि ५० वालं ९८, तेही नीट जाड थर लावला तर.